दहा सिनेमे आणि दादाचे डोळे

माझा मोठा भाऊ घड्याळं दुरुस्त करतो, आणि वर्षातला एक महिना करत नाही. त्या महिन्यात कोपऱ्यावरच्या थिएटरात पुरस्कारासाठी निवडलेले देशोदेशीचे दहा सिनेमे लागतात. दुपार झाली की दादा दुकानाचं शटर ओढतो आणि वहिनीला घेऊन चालू लागतो. दहाही बघायचे, मग समोरच्या सलूनमध्ये बसून पुरस्कार कुणाला मिळणार यावर वाद घालायचा, आणि अंदाज चुकला की परीक्षकांची अक्कल काढायची, हा त्याचा नेम तेवीस वर्षं चालू आहे. मी धाकटी बहीण, वरच्या मजल्यावर एकटी राहते. दुसऱ्यांच्या संसारात लक्ष घालायला मला भरपूर वेळ असतो.

यंदा मात्र गोची झाली. दादाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आणखी उशीर केलात तर घड्याळाचं काम विसरा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दादानं शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी येऊन जाहीर केलं की पुरस्कारांचा महिना होऊ दे, मग बघू. खरं कारण आम्हा दोघींना ठाऊक होतं. नुसती सुई बघून त्याची पाचावर धारण बसते, मग डोळ्याला कुणी हात लावणार म्हटल्यावर काय विचारता. दुकानात बारीक कामाचं घड्याळ आलं की तो ‘सुटा भाग मिळत नाही’ म्हणून परत पाठवू लागला होता. असं किती दिवस चाललं असतं? आणि दादाला घड्याळांखेरीज दुसरं काही येत नाही.

सिनेमे परभाषेतले, म्हणजे खाली अक्षरांची पट्टी. ती दादाला दिसेना. मग वहिनी त्याच्या कानाशी लागून एकेक वाक्य सांगू लागली.

तिसऱ्या सिनेमानंतर सलूनमध्ये पहिला भडका उडाला. राणी शेवटी बहिणीकडे राहायला जाते, तो प्रसंग काय सुंदर घेतलाय, असं दादा ठासून सांगत होता. सलूनवाल्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला. त्यानं तोच सिनेमा पाहिला होता, आणि त्यात राणीला फाशी देतात. तू झोपला असशील, म्हणून दादानं तो विषय संपवला. पुढच्या आठवड्यात दीपगृहाच्या रखवालदाराचा सिनेमा झाला. रखवालदार बायकोचं ऐकत नाही म्हणून समुद्रात पडतो, असं दादाचं म्हणणं. सलूनवाला म्हणाला की रखवालदाराला बायकोच नाही. एक गिऱ्हाईक अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर गेलं आणि पोटभर हसून परत येऊन बसलं.

मला वहिनीचं भारी कौतुक वाटलं. ऑपरेशन टाळणाऱ्या नवऱ्याची चारचौघांत फजिती करून त्याला ताळ्यावर आणायचं, हा तिचा डाव मी ओळखला होता, निदान मला तसं वाटत होतं. मी तिला खोदून विचारलं, तर ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. दादा मात्र ताळ्यावर यायचं नाव घेईना. सलूनवाला थापाड्या आहे आणि माझी बायको खोटं बोलत नाही, एवढंच तो म्हणत राहिला. हे ऐकून मला थोडं वाईटही वाटलं.

दहाव्या सिनेमाला मी गंमत बघायला म्हणून बरोबर गेले आणि वहिनीच्या पलीकडे बसले. पडद्यावर स्टेशनच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. पट्टीवर अक्षरं आली, ‘गाडी साडेचारला येईल.’ वहिनी दादाच्या कानात म्हणाली, “तो म्हणतोय, तू इतकी वर्षं मला फसवलंस.” मी तोंडात रुमाल कोंबला. पुढची पट्टी आली, ‘छत्री घेतलीस का?’ दादानं विचारलं, ती काय म्हणते? त्यानं परत विचारलं. मी वळून पाहिलं तर वहिनीचा चेहरा ओला झाला होता. दादानं अंधारात हात पुढे केला, आणि त्याच्या बोटांना ते कळलं. मग त्यानं मला विचारलं, काय लिहिलंय? मी म्हणाले, छत्री.

पुढचा सगळा सिनेमा दादाला कुणी वाचून दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेला आणि ऑपरेशनची तारीख घेऊन आला. मला म्हणाला, “ती रडत होती, आणि कशानं ते मला दिसत नव्हतं. असं परत नको.” आधी एक डोळा झाला, मग दुसरा.

पुरस्कार नेमका त्याच स्टेशनवाल्या सिनेमाला मिळाला, म्हणून तो थिएटरात पुन्हा लागला. आम्ही तिघं पुन्हा गेलो. बाक आला, साडेचारची गाडी आली, छत्री आली. दादानं सगळं स्वतः वाचलं आणि वहिनीकडे वळला.

“यात रडण्यासारखं काय आहे?”

“मला काय माहीत?” वहिनी म्हणाली. “मला तरी कुठे वाचता येतंय? दोन वर्षं झाली.”

मग एका दमात सगळं बाहेर आलं. राणीची बहीण, रखवालदाराची बायको, सगळी माणसं तिनंच घातलेली होती. पडद्यावर जे अंधुक हलताना दिसे त्यावरून ती गोष्ट रचायची. तिलाही मोतीबिंदूच होता. पण ते सांगितलं असतं तर, आधी तुझं होऊ दे, असं म्हणून दादानं आपलं कायमचं टाळलं असतं. त्या दिवशी तिच्या गोष्टी संपल्या, आणि आपल्या दोघांपैकी एकालाही दिसेनासं झालं तर, या विचारानं तिला रडू फुटलं होतं.

मागच्या रांगेतून कुणीतरी दटावलं. मी वहिनीला रोज दहा वेळा बघते, आणि मला यातलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादा उठून उभा राहिला. डॉक्टर सहापर्यंत असतात, आत्ताच जायचं, म्हणाला. वहिनीनं खुर्चीचा हात घट्ट धरला. एवढा पुरस्कार मिळालेला सिनेमा, निदान शेवट तरी होऊ दे, असं ती म्हणू लागली.

“शेवट मी वाटेत सांगतो, चल,” दादा म्हणाला.

शेवट त्यालाही माहीत नव्हता.