रिकामी इमारत

"आज इथं कोन नाय हाय, ध्यानात ठेवा." काका बोटाच्या पेरानं दार हलकेच वाजवायचे, एवढंच सांगायचे आणि पुढच्या दाराकडे वळायचे.

करंजाडेच्या आमच्या इमारतीला ओसी नव्हती. म्हणजे इथं माणसांनी राहायला हरकत नाही, असा सरकारी कागद नव्हता. बिल्डरनं किल्ल्या दिल्या, 'येईलच ओसी' म्हणाला आणि फोन उचलायचा बंद झाला. तुमच्यापैकी बरेच जण अशा इमारतीत राहिले असतील; त्यांना टँकरचं पाणी आणि नोटिशीची धास्ती वेगळी सांगायला नको.

काका आमच्या समोरच्या दारात राहायचे. जन्म खाडीकाठच्या गावातला, आयुष्य बिल्डरांच्या राहून गेलेल्या परवानग्या मिळवण्यात गेलेलं. साहजिकच सोसायटीनं ओसीचं काम त्यांच्या गळ्यात मारलं.

ओसीच्या तपासणीला सरकारी साहेब येणार त्या दिवशी इमारत रिकामी दिसायला हवी. काकांनी त्याची रीतच बसवली होती. वाळत घातलेले कपडे आत, पडदे उतरवलेले, नावाच्या पाट्या काढलेल्या, तुळशीची कुंडी देवाची माफी मागून बाथरूममध्ये. सगळ्या दारांना बाहेरून कुलूप. ज्यांना कुठं जाता येत नसे ते आत चिडीचूप. दरवेळी साहेबांना काहीतरी खोट सापडायची, त्यामुळे नाहीसं होण्यात आम्ही चांगलेच तरबेज झालो होतो. अशाच एका दिवशी मी जिना उतरत होतो. कितीतरी दारांमागे माणसं बसलीत हे मला ठाऊक होतं, तरी इमारत खरोखरच ओस पडल्यासारखी वाटली.

काकींना विसरण्याचा आजार होता. सकाळचं दुपारी आठवत नसे. त्यांना बाहेर नेणं शक्य नव्हतं. काका त्यांचा हात हातात घेऊन समजवायचे, "दार वाजला तरी बोलाचा नाय. आपुन नाय हाव." काकी शहाण्या मुलीसारख्या मान डोलवायच्या.

शेवटच्या तपासणीला सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी काकांबरोबर फिरत होतो. साहेब नेमके काकांच्याच दारापाशी थांबले.

"इथे कोणी राहतंय का?"

काकांनी स्वतःच्या घराचं दार वाजवलं. एरवी कुणीही दार वाजवलं की काकी आतून 'आली, आली' म्हणायच्या. त्या दिवशी काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

"बगा सायब," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

ओसी आली. पेढे वाटले, पाट्या पुन्हा लागल्या, नळाला पाणी आलं. काकी मात्र त्या दिवसातून बाहेर आल्याच नाहीत. सगळं विसरणाऱ्या बाईच्या डोक्यात तेवढंच रुतून बसलं. काकांनी पडदा लावला की त्या ओढून काढायच्या, दिवा लावला की रडायच्या, ते बोलायला लागले की त्यांच्या तोंडावर हात ठेवायच्या.

"मोठमोठे सायब पटवले," काका मला म्हणाले, "पन घरचा सायब काय पटत नाय." हसले, पण तेही कुजबुजतच. हळूहळू त्यांनी चपला बाहेर ठेवणं सोडलं. संध्याकाळी अख्खी इमारत उजळायची आणि त्यांची खिडकी तेवढी काळी राहायची. नवा वॉचमन सगळ्यांना सांगायचा, त्या फ्लॅटमध्ये कोणी राहत नाही.

पुढे काकी पनवेलच्या हॉस्पिटलात गेल्या, त्या परत आल्या नाहीत. स्मशानातून काका एकटेच घरी आले. मला वाईट वाटत होतं, आणि खरं सांगतो, थोडं हायसंही वाटत होतं. आता तरी या माणसाला मोठ्यानं बोलता येईल.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मी पिठलं-भात घेऊन गेलो. दाराखालच्या फटीतून उजेड येत होता. किती महिन्यांनी तो पाहिला. मी दार वाजवलं.

"काका, मी समोरचा. जेवण आणलंय."

मी पुन्हा दार वाजवलं.

"काका, आता बोललात तरी चालेल."

आत बटण वाजलं आणि फटीतला उजेड गेला.