ज्याचा आवाज, त्याला आधी

रेकॉर्डिंगच्या दिवशी सगुण कांदा खात नसे. पोट बोलतं, म्हणायचा. चहा बशीत ओतून प्यायचा आणि बशी खाली ठेवताना तिच्याखाली दोन बोटं धरायचा. कुणाच्या घरी फ्रीज घुरघुरत असेल तर तो बंद करून मोटारसायकलची चावी आत ठेवायचा. निघताना चावी शोधावी लागे आणि फ्रीज पुन्हा सुरू करायचं आठवे. पिशवीत पोदेराच्या बेकरीतले दोन उंडे पाव असत. एक त्याचा, एक ज्याला भूक लागेल त्याचा. ऐकताना डोळे मिटायचा. समोरचं माणूस बोलायचं थांबलं तरी थोडा वेळ मिटलेलेच ठेवायचा.

हे सगळं सेजलला आठवलं ते बुधवारी, सर्वण गावात त्याच्या अंगणात उभी असताना. सगुण सकाळी गेला होता. पायात बूट घालून पायरीवर बसला, तो उठलाच नाही. पिशवी मोटारसायकलला लावलेली होती.

"पार्सेक जातंय म्हणालो तो," विमला, त्याची बायको, सांगत होती. येईल त्याला तेवढंच सांगत होती. "पार्सेक जातंय म्हणालो तो."

पार्सेला कशाला, ते तिथे फक्त सेजलला आणि कृष्णनाथ मास्तरांना माहीत होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मास्तरांचा स्टुडिओ म्हणजे डिचोलीच्या बाजारात औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पोटासाठी लग्नांची शूटिंगं. त्यातून उरलेल्या वेळात वर्षाला एक छोटा सिनेमा. जानेवारीत स्वतःचा तीन दिवसांचा महोत्सव, त्यासाठी खुर्च्या देवळातून आणायच्या आणि धुऊन परत करायच्या. माणसं तीन. मास्तर दिग्दर्शक, सगुण आवाजाचा आणि सेजल. साहित्यात बी. ए. करून ती पडद्याखालच्या इंग्रजी ओळी लिहायला आली आणि राहिली.

सगुण आधी खाणीवर टिपर चालवायचा. गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी त्याने पहिला टेपरेकॉर्डर घेतला. शेजारचा धाकू मुकादमाची नक्कल फार चांगली करायचा. सगुणने ती गुपचूप टेप केली आणि गणेशचवथीला चार माणसांत लावली. लोक हसून लोळले. त्या चार माणसांत मुकादमाचा मेहुणा होता. आठवड्याने धाकूचं काम गेलं. धाकू त्याला काही बोलला नाही. त्यानंतर कधीच काही बोलला नाही.

तेव्हापासून सगुणचा नियम होता. ज्याचा आवाज, त्याला आधी. हेडफोन स्वतःच्या हाताने त्या माणसाच्या कानांवर ठेवायचा आणि सगळं ऐकवायचा. माणूस "जाता", म्हणजे चालेल, म्हणाला की वहीत नावापुढे खूण. खूण नसलेला आवाज सिनेमात जात नसे. मास्तर वैतागायचे.

"सगुण, अरे आपण सिनेमा करतो की मतदान घेतो?"

"मतदानाक एकच खूण पुरता, मास्तर. तुमका तर ती पण नको."

खूण नसताना गेलेला एकच आवाज. यशोदाबाईंचा.

त्या पार्सेच्या. काजूच्या बागेला टेकून एकटीचं घर. मोसमात तिथे चार दिवस शूटिंग झालं. पहिल्या दिवशी सगुणने फ्रीजमध्ये चावी ठेवली तेव्हा त्या म्हणाल्या, "रे, माझो फ्रीज म्हणजे तुझी पेटी काय?" दुसऱ्या दिवसापासून चावी त्या स्वतःच मागून घेऊ लागल्या.

शेवटच्या दिवशी पायांनी काजूची बोंडं मळता मळता त्यांनी एक पाळणा म्हटला. मास्तर "झालं" म्हणाले. कॅमेरा बंद झाला. सगुणचे डोळे मिटलेलेच होते, यंत्र चालू होतं. यशोदाबाई पाय धूत स्वतःशीच म्हणाल्या, "चेडवान बोलयल्यान तेव्हा मी जावक नाय."

मुलीने आईच्या मनाविरुद्ध लग्न करून वास्कोला घर केलं होतं. आजारी पडली तेव्हा आईला ये म्हणून निरोप पाठवला होता; आई गेली नव्हती. पुढचं गावाला माहीत होतं. मुलगी गेल्याला नऊ वर्षं झाली होती.

मास्तरांनी सिनेमा त्या वाक्यावर संपवला. पडदा काळा, आणि तो आवाज. पणजीच्या महोत्सवाला पाठवायची मुदत दोन दिवसांवर होती. सगुण म्हणाला, आधी तिला ऐकवून येतो. मास्तर म्हणाले, निवड झाली तर ऐकव, नाही झाली तर प्रश्नच मिटला. सेजलने त्या वाक्याचं इंग्रजी अकरा वेळा केलं. अकरावं तिला आवडलं. तीही गप्प बसली.

निवड झाली. सिनेमा पणजीला लागणार होता, शुक्रवारी दुपारी. पंधरा दिवस हातात होते.

पहिल्या रविवारी सगुण गेला आणि परत आला.

"नव्हत्या घरी?" सेजलने विचारलं.

"होती. दारापर्यंत गेलंय. पान वाढून जेवूक बसली होती." त्याने उंडा मोडला, खाल्ला नाही. "तोंडात घास आसताना ह्या कसा आयकवू, बाय?"

"जेवण होईपर्यंत थांबायचं."

"थांबलंय असतंय तर माका वाढल्यान असता. मगे तर काय तोंड उघडलाच नसता."

शुक्रवारला दोन दिवस उरले असताना, बुधवारी तो पुन्हा निघाला होता.

गुरुवारी सेजलने विमलाकडून पिशवी मागून घेतली. आत हेडफोन, यंत्र, वही, कालचे दोन उंडे. ती बसने पेडण्याला आणि तिथून पार्सेला गेली. यशोदाबाई पायरीवर बसल्या होत्या.

"सगुण गेलो म्हणतत. खरा?"

"हो."

यशोदाबाईंनी दाराकडे पाहिलं.

"दारापर्यंत येवन परत गेलो त्या दिवशी. मी बघलंय. म्हटलां, लाजता कित्याक, हाक तरी मारूची." मग म्हणाल्या, "काय होता तेचा माझ्याकडे?"

सेजलने हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले. एक कान नीट बसला नाही. तो यशोदाबाईंनीच बसवला. पाळणा सुरू झाला. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. पाळणा संपला तशी त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन काढले आणि मांडीवर ठेवले.

"बरो आयलो गो आवाज. घाला तुमच्या पिच्चरात. जाता."

मांडीवरच्या हेडफोनमधून बारीक काहीतरी येत होतं. पाण्याचा आवाज. मग तेच वाक्य. यशोदाबाई पदराने डोळे पुसत होत्या, त्यांना ते ऐकू आलं नाही.

अजून आहे, एवढंच म्हणायचं होतं. सेजलला म्हणता आलं नाही.

"बस," यशोदाबाई म्हणाल्या. "पेज आसा. दोन घास खा आणि जा."

तिने खाल्लं.

बसथांब्यावरून तिने मास्तरांना फोन केला.

"ऐकलं तिने?"

"पाळणा ऐकला."

"आणि जाता म्हणाली?"

"पाळण्याला म्हणाली."

  मास्तरांनी विचारलं, "सगुणने खूण केली असती?"

 मास्तरांनी संध्याकाळी पत्र पाठवून सिनेमा मागे घेतला. शुक्रवारी दुपारी त्या वेळेला पणजीत दुसऱ्याच कुणाचा सिनेमा लागला.

वही आता सेजलकडे असते. तिच्यात एकोणचाळीस नावं आहेत, धाकूचं सगळ्यात वर. त्याच्यापुढे खूण नाही, वर्ष लिहिलंय. त्याच्याखाली खुणाच खुणा. शेवटचं नाव यशोदा, पार्से. त्याच्यापुढची जागा रिकामी.

त्यानंतर सेजल पार्सेला तीन वेळा जाऊन आली. प्रत्येक वेळी यशोदाबाईंनी पान वाढलं. यंत्राची पिशवी तिच्या पायाशी तशीच राहिली. पुढच्या रविवारी ती पुन्हा जाणार आहे.