वाडीवाल्या काकूंचा कोपरा

वाडीवाल्या काकू कुणाच्याही घरी पुढच्या दाराने येत नसत. थेट मागे जायच्या, मोरीच्या पाइपापाशी उकिडव्या बसायच्या आणि विचारायच्या, "तुमचं आंघोळीचं पानी जातं कुठं?" नव्वदच्या दशकात वसईजवळच्या गास गावात आमची बैठ्या घरांची कॉलनी झाली. आम्ही सगळे बाहेरून आलेले. दारापुढे चार हात जमीन मिळाली की फरशी घालून मोकळं व्हायचं, एवढीच आमची बागेची अक्कल. कुंपणापलीकडे काकूंची केळी-नारळाची वाडी होती. कुणी बोलावलेलं नसताना त्यांनी आमच्या बागा आखायला घेतल्या.

फरशी दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. "अगो, पावसाला जमिनीत जायला जागा तरी ठेवा!" आमच्या मोरीचं पाणी त्यांनी चर खणून केळीकडे वळवलं आणि केळीतून अळूकडे. भिंतीऐवजी मेंदीचं कुंपण करायला लावलं. पाचोळा जाळणाऱ्याची तर धडगत नसे. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता, कारण आपण ऑफिसला गेलो की त्या येऊन हवं ते करून जायच्या.

प्रत्येक बागेत एक कोपरा मात्र त्या हात न लावता सोडायच्या. सुकल्या झावळ्या, दगड, वाढेल ते रान. "हा कोपरा आपला नाही," असं बजावायच्या. मग कुणाचा? "बेडकांचा, मुंगसाचा, धामणीचा. आपल्या आधीपासून राहतात ती इथं." धामण निघाली की आम्ही किंचाळायचो आणि त्या हसायच्या. "उंदीर खाते ती. तुम्हाला काय खानार?" त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, या सगळ्याला 'हिचं संस्थान' म्हणायचे. फार चेष्टेखोर आणि शांत माणूस. मला ते वडिलांसारखे वाटत.

एका सकाळी काका बंब पेटवायला म्हणून त्यांच्या वाडीतल्या तशाच सोडलेल्या कोपऱ्यातली झावळी ओढायला गेले. खाली घोणस होती. वसईला दवाखान्यात नेलं. काकू बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. काका घरी परत आले नाहीत.

तेरावं झालं आणि काकूंनी कोयता उचलला. आधी स्वतःच्या वाडीतला कोपरा साफ केला, मग एकेका घरी जाऊन आमचे. कुणी अडवलं नाही. काहींनी तर सुटकेचा निःश्वास टाकला, तोही त्यांच्यादेखत. त्याचा मला अजून संताप येतो. माझ्याकडे आल्या तेव्हा मी त्यांचा हात धरला. "काकू, राहू द्या. घोणस काय, कुठेही निघते."

त्यांनी मान वर केली नाही. "तुला नवरा नको झालाय का?"

मी हात सोडला. त्यांनी सगळं छाटलं, ढीग केला आणि स्वतः काडी लावली. विझेपर्यंत तिथेच उभ्या होत्या. मी चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला.

पुढे वाडी विकली गेली आणि काकू विरारला मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेल्या. मी भेटायला गेले, तेव्हा सोनचाफ्याचं रोप घेऊन गेले होते. बाल्कनीत कपडे वाळत होते, कुंडी एकही नव्हती. काकूंनी रोप हातात घेतलं, मुळापाशी बोट खुपसून ओल पाहिली. मला वाटलं, आता विचारतील, ऊन कुठून येतं, पाणी कुठे जातं. त्यांनी ते अलगद माझ्या पिशवीत परत ठेवलं.

"घेऊन जा गो," त्या म्हणाल्या. "मी लावलेलं आता कुनाच्या दारात नको."