बिबड्यांच्या ज्वारीला बिअर म्हणाले

जवळ ये बरं जरा. कागदावर का होईना, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बस आणि तो मोबाईल उपडा ठेव. तुला रागवायचंय मला. फार नाही, थोडंसंच. बहिणीची एकुलती एक पोर तू, तुला जास्त बोलले तर मलाच जेवण जात नाही. पण तू तो व्हिडिओ मला पाठवलास, खाली हसरी तोंडं टाकलीस आणि लिहिलंस, "मावशी, तुमच्या गल्लीत बिअर बनते, आम्हाला कधी पाजली नाही!" मी उत्तर दिलं नाही, म्हणून तू फुगून बसलीस. अगं, एका बोटाने टाईप करून एवढा राग बाहेर निघतो का? म्हणून लिहायला बसले. आता सगळं ऐकून घे, मध्ये बोलू नकोस.

त्या व्हिडिओवाल्यांची फेरी आमच्याकडे धुळ्यात हिवाळ्यात सुरू झाली. दर रविवारी ऊन कललं की पांझरा नदीच्या पुलापासून निघतात. पुढे एक टोपीवाला, तिशीतला असेल, कमरेला छोटा भोंगा बांधलेला. मागे पंधरा-वीस माणसं, कोणी नाशिकची, कोणी इंदूरकडची, आणि चार-पाच आपल्याच देवपुरातली. शहराचा इतिहास ऐकत गल्ल्यागल्ल्यांतून चालायचं आणि शेवटी हायवेवरच्या हॉटेलात बसून इकडेच बनलेली बिअर चाखायची. चार तऱ्हेची, छोट्या छोट्या ग्लासांत. त्याचं तिकीट असतं म्हणे.

तुला वाटेल, मावशीला बिअरचाच राग. नाही गं बाई. ज्याला प्यायची त्याने प्यावी, माझ्या ताटातलं काही कमी होत नाही. आणि तो टोपीवाला बोलायचा छान, हे मी कबूल करते. धुळ्याचे रस्ते असे पट्टीने आखल्यासारखे सरळ का, गिरणीचा भोंगा वाजला की घरं कशी जागी व्हायची, इंग्रजांनी मोहाची दारू गाळायला बंदी घालून ठेकेदाराची दारू लोकांच्या गळी कशी उतरवली, सगळं रंगवून सांगायचा. मी ओट्यावर बसून ऐकायची. पहिल्या दोन-तीन रविवारी तर मीच त्यांना माठातलं पाणी दिलं. एक बाई म्हणाली, "आजी, किती स्वीट!" मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आता माझ्या समोरच्या घरातल्या बाईचं सांगते. तू तिला पाहिलंयस, लग्नात तुझ्या हातावर मेंदी हिनेच काढली होती. हिचा नवरा दारूनेच गेला. गेला म्हणजे एका दिवसात गेला नाही, वर्षानुवर्षं जात राहिला. भांडी गेली, शिलाई मशीन गेलं, मग तो गेला. त्यानंतर हिने बिबडे करायला घेतले. मुलगी शिकली ती बिबड्यांवर, घरावर पत्रे आले ते बिबड्यांवर. तिच्या उंबऱ्याच्या आत दारूचा शब्दसुद्धा चालत नाही. पाहुण्याने गमतीत काढला तरी ही उठून स्वयंपाकघरात जाते.

तुला बिबडे खाऊन माहीत आहेत, पण ते करतात कसे ते कधी नीट पाहिलं नसशील. ज्वारी धुऊन तीन दिवस पाण्यात ठेवायची. ती आंबते, फुगते, वर फेस येतो. मग उपसायची, भरडायची आणि मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा, त्यात तीळ, लसूण, मिरची. ओल्या कापडावर हाताने थापून गच्चीवर वाळवले की झाले बिबडे, तळून खायचे ज्वारीचे पापडच म्हण. होळीनंतर आमच्या गल्लीत शिरलीस तर तो आंबूस वास आधी भेटतो, माणसं नंतर. आम्हाला त्या वासाने उन्हाळा लागल्यासारखं वाटतं. हिचे निळे ड्रम ओट्यावर ओळीने असतात. गल्लीतल्या बायका येता-जाता झाकण उचलतात, बोटाने दाणा दाबून बघतात आणि विचारलं नसताना सांगतात, "अजून एक दिवस ठेव."

तर त्या रविवारी फेरी आमच्या गल्लीत आली आणि टोपीवाला वासाने थांबला. नाक वर करून म्हणाला, "मावशी, ड्रममध्ये काय आहे?"

ही बिचारी खूश झाली. तिचं काम कोण विचारतं? पदर सारखा करून म्हणाली, "ज्वारी शे भाऊ. तीन दिननी आंबाडेल."

झाकण उचललं. फेस दिसला. झालं! टोपीवाल्याने मागे वळून भोंगा तोंडाशी धरला. "मंडळी, आपण ज्या बिअरसाठी निघालोय, तिची आजी इथे बसलीय! धान्य, पाणी आणि आंबवणं! खान्देशातल्या बाया घराघरांत हे शेकडो वर्षं करत आल्यात!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मराठीत लिहिलं, पण तो अर्धं इंग्रजीत बोलला, हिला काय कळणार? बिबड्यांचं कौतुक चाललंय असं समजून ही हसत उभी राहिली. कोणी म्हणालं, "झाकण हातात धरा," तर हिने धरलं. माझ्या खिडकीकडे बघून म्हणाली, "देखं का व अक्का, फोटो काढी राहिनात!" मी आत खिडकीशी चहा गाळत ऐकत होते. बाहेर आले तोवर फेरी पुढे गेली होती.

पुढचं तुला मोबाईलवर दिसलं. ड्रमापाशी हसणारी ही आणि खाली अक्षरं, 'खान्देशची घरगुती बिअर.' तुला हसू आलं. आम्हाला काय आलं ते ऐक.

मंगळवारी भर दुपारी मोटरसायकलवरून दोन बाप्ये आले. ओट्यावर बसले आणि हिला म्हणाले, "अक्का, दोन गलास दे व. थंडी शे का?" ती आधी पाणी समजली. पाणी आणून दिलं तर हसायला लागले. "हाई नही, ती ड्रमवाली!" मी माझ्या दारातून असा आवाज दिला की त्यांची गाडी सुरू होईना. मग दुसरे आले, तिसरे आले. एकाने तर जाताना विचारलं, "पोलिसले हप्ता किती देतंस?"

आणि गुरुवारी हिला तुझ्या जावेचा फोन आला. हो, तुझ्याच. तूच तिला हिचा नंबर दिला होतास, तिच्या मुलीच्या रुखवतासाठी बिबडे सांगितले होते, त्याची ज्वारीसुद्धा भिजली होती. आणि तूच व्हिडिओ तुमच्या यावलच्या घरच्या ग्रुपवर टाकलास. ती म्हणाली, "बिबडे काय असतात ते आम्हाला माहीत आहे. पण त्याच ड्रमात तुम्ही दुसरंही काही करता, ते आता सगळ्यांनी बघितलंय. मुलाकडचे माळकरी आहेत. रुखवतात मांडायचं कसं?" फोन स्पीकरवर होता, मी शेजारी बसलेली. हिने फोन ठेवला, उठली, ड्रम तिरका केला आणि सगळी ज्वारी गटारीत ओतली. टपोरी, आंबून तयार झालेली ज्वारी. मी "अगं, अगं" करेपर्यंत गाईसुद्धा आल्या खायला.

मग खाली बसली आणि म्हणाली, "मी दारू करस का व अक्का? मी?"

तेवढंच. दुसऱ्या दिवशी ड्रम धुऊन, उलटे करून मागच्या भिंतीला लावले. म्हणाली, आता करणार नाही. उन्हाळ्याचे हे दोनच महिने असतात तिचे, त्यांवर वर्ष निघतं. सांग, आता येतंय का हसू?

पुढच्या रविवारी मी खुर्ची घेऊन गल्लीच्या तोंडाशी बसले. अगदी मधोमध. फेरी आली. टोपीवाला म्हणाला, "आजी, जरा बाजूला घेता का खुर्ची? पुढे आपला तो बिअरवाला ओटा दाखवायचाय."

"कुठला ओटा?"

"तोच, मागच्या वेळचा. लोकांना फार आवडला, आजी. आम्ही तर मावशींचं कौतुकच केलं."

"कौतुक? तुझ्या आईच्या इडलीचं पीठ आंबतं का रे भाऊ?"

"हो."

"मग तिलाही भोंग्यातून बिअरवाली म्हणतोस?"

मागचे हसले. तोही हसला, पण ओशाळून. म्हणाला, "आजी, शास्त्राने बघितलं तर प्रक्रिया सारखीच आहे. आणि लोकांना काहीतरी गोष्ट लागते हो. नुसत्या तारखा कोण ऐकतं?"

तिथे माझं डोकं फिरलं. गोष्ट लागते म्हणे! म्हणजे पिणार हे हॉटेलात एसीत बसून, बिल भरून, मान राखून. आणि त्यांच्या पिण्याला जुनं घराणं मिळावं म्हणून बाई आमच्या गल्लीतली! विचारायचं तरी, 'मावशी, याचं पुढे काय करता?' एक प्रश्न. शिजवून दाखवलं असतं तिने, खायला घातलं असतं. तेवढं थांबायला यांना वेळ नाही, कारण बिअर गरम होते.

हे सगळं मी बोलले, आणि माझा आवाज तुला ठाऊक आहे, त्याला भोंगा लागत नाही. पण तिच्या नवऱ्याचं मी त्या माणसांसमोर काढलं नाही. त्याला बाजूला घेतलं, माझ्या दाराच्या आत, आणि हळू सांगितलं. "तिच्या घरातलं माणूस ज्याने खाल्लं, त्याचीच पाटी तू तिच्या दारावर लावलीस."

त्याने टोपी काढली. व्हिडिओ तिथल्या तिथे काढून टाकला, मला दाखवला. मी म्हटलं, तुझ्या मोबाईलमधून गेला, यावलच्या ग्रुपमधून कोण काढणार? खरा व्हिडिओ करतो म्हणाला, मावशींना घेऊन. ही समोर तिच्या दाराआडून ऐकत होती. तिथूनच म्हणाली, "मना दारमा आते कोनी फोटो काढाना नही." ती बरोबरच बोलली. फेरी त्या दिवशी आमच्या गल्लीतून न जाता मागे वळली, आणि अजून आलेली नाही. पण मोटरसायकली येतात अधूनमधून. त्यांना इतिहास कोण सांगणार?

मी आठवडाभर तिच्या मागे लागले. शेवटी परवा तिने पुन्हा ज्वारी भिजवली, पण ओट्यावर नाही, माझ्या गच्चीवर, जिन्याचं दार लावून. आयुष्यभर उघड्यावर केलेलं काम बाई आता लपून करते, जणू खरंच दारू गाळतेय. मी जिन्याच्या पायरीशी बसलेली असते, ज्वारीचं पोतं आणणाऱ्या हमालालासुद्धा वर सोडत नाही.

म्हणून तू ये. फोनवर 'सॉरी मावशी' नको, तिच्यासमोर ये. जावेला घेऊन ये. ती नाहीच म्हणाली तर एकटी ये. जाताना बिबडे बांधून देईन, ते जावेच्या घरी तू स्वतः तळून वाढ आणि ग्रुपवर जे टाकलंस ते तुझ्या तोंडाने पुसून टाक. लग्नाला अजून अवकाश आहे. यावलहून सकाळची एसटी धरलीस तर जेवायच्या वेळेला पोचशील. घाटा गरमगरम असेल, वर कच्चं तेल घालून देईन. ऊन चांगलं पडलंय आणि थापायला आम्ही दोघीच म्हाताऱ्या आहोत. लवकर ये.