खिळ्यावरच्या चाव्या

पेणमधल्या त्या गल्लीत कुलपं होती, पण ती कुत्र्यामांजरांसाठी. माणसांसाठी पुतळीकाकी होती. घराबाहेर पडणारा जो तो दाराला कुलूप लावायचा आणि चावी आणून काकीच्या दारामागच्या खिळ्याला अडकवायचा. कुणाच्या चावीला साडीची चिंधी, कुणाच्या चावीला तुटकी बांगडी. गणपती करणाऱ्या जगनच्या चावीवर सोनेरी रंगाचा ठिपका.

काकी खाडीकाठची, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. लग्न होऊन पेणात आली. नवरा गेला, मुलगा धनेश रोह्याला कंपनीत लागला आणि तिथंच त्यानं संसार थाटला. काकी मात्र आपल्या पायरीवर. वाल सोलता सोलता गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, “कोनाकडं आलास रं?” सिलिंडरवाला असो की नगरपालिकेचा साहेब, उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. गल्लीतले जावई सासूपेक्षा तिलाच जास्त भ्यायचे. धनेश म्हणायचा, “आई, रोह्याला चल ना आता.” ती म्हणायची, “आनि चाव्या काय डब्यात भरून आनू?”

यंदा गणपतीच्या तोंडावर गावाबाहेर कुठंतरी दिवसाढवळ्या घरफोडी झाली. मोबाइलवरून गल्लीत पोचेपर्यंत एकीच्या चार झाल्या आणि चोरांची टोळी झाली. मग एक हवालदार येऊन सगळ्यांना बजावून गेला, की चाव्या शेजारी ठेवू नका, दागिने कपाटात ठेवू नका. लोकांनी माना डोलावल्या, चाव्या काकीच्या खिळ्याला अडकवल्या आणि बाजारात गेले.

त्याच आठवड्यात काकी धनेशसाठी मूर्ती बघायला जगनच्या कारखान्यात गेली. रोह्याच्या घरी धनेश पहिल्यांदाच गणपती आणणार होता. जगन कुठंतरी माल पोचवायला गेला होता. त्याची बायको भाविका एकेक मूर्ती दाखवत होती, पण काकीला पसंत पडली ती माळ्यावरच्या मागच्या रांगेतली, जुन्या साच्याची. तिचा एक डोळा जरा मिटल्यासारखा होता. काकी हसत सुटली. “ह्यो बघ गो, डोला मारतंय! ह्योच दे.” भाविकानं तो डोळा मारणारा बाप्पा बांधून दिला आणि धनेश त्याला रोह्याला घेऊन गेला.

हरतालिकेला भाविकानं पूजेसाठी गंठण काढायला कपाट उघडलं, तर गंठण नाही. दार शाबूत, कुलूप शाबूत, कपाट शाबूत. जगन टेम्पो घेऊन मुंबईला गेलेला आणि त्याचा फोन बंद. भाविकाचा हंबरडा गल्लीनं ऐकला. पुढचं कुणाला शिकवावं लागलं नाही. कुलूप न तोडता चोरी झाली म्हणजे चावीनं झाली, आणि चावी कुणाकडं असते ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

काकीच्या तोंडावर कुणी एक शब्द बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, भांडणात ती कुणाला हार जाणारी नव्हती. भाविका आली, खाली बघत म्हणाली, “काकी, कुलूप बदलायचं हाय,” आणि चावी घेऊन गेली. मग रांगच लागली. एकीच्या घरी पाहुणे येणार होते, एकीच्या नवऱ्याला चावी खिशातच बरी वाटत होती. दुपार टळेपर्यंत खिळा उघडा पडला.

काकीनं पिशवी भरली. स्वतःच्या दाराला कुलूप लावायची पाळी तिच्यावर कधी आलीच नव्हती, त्यामुळं घरात कुलूप सापडेना. शेवटी नुसती कडी ओढली आणि तिनं रोह्याची गाडी पकडली. “येतंय रं मी राह्यला,” एवढंच ती धनेशला म्हणाली. तो हरखला. सून मनाली मात्र घाबरली, कारण सासूबाईंनी तिच्या मोदकांना नावं ठेवली नाहीत.

चतुर्थीला बाप्पा बसला, आरती झाली. पानं मांडताहेत तोच दारात जगन आणि भाविका उभे. जगनचा चेहरा मातीचा झाला होता.

“काकी, माझंच चुकलं. चोरांचं ऐकून मला झोप येईना. गंठन चिंधीत गुंडाललं आनि मूर्तीच्या पोकल पोटात खालून चिकटवलं. म्हटलं, बाप्पाच्या पोटात कोन हात घालनार? जुना साचा, कोन घेनार हाय तो!”

“आनि ही मूर्ती मीच माझ्या हातानं बांधून दिली,” भाविका रडवेली होऊन म्हणाली.

धनेश मूर्तीकडं झेपावला, तशी काकी गरजली, “हात लावशील तर बघ! बसलेला देव उद्या उत्तरपूजेपरयंत हलायचा नाय. गंठन असंल तर असंल, वाटंत पडलं असंल तर पडलं असंल. ताटं वाढ गो मनाली!”

मग काय, नवराबायको तिथंच राहिले. जगन बाप्पासमोरून हलेना, भाविका दर आरतीला डोळे मिटायच्या ऐवजी मूर्तीच्या पोटाकडं बघायची, आणि बाप्पा आपला सगळ्यांना डोळा मारत बसलेला. ते बघून काकीला हसू आवरेना. राग धरायला गेली आणि हातात हसूच आलं. दुसऱ्या मोदकाला ती मनालीला म्हणाली, “सारन पिठुल झालंय गो,” तेव्हा कुठं मनालीच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली. धनेशनं पाटाला हात घातला, तशी भाविका पुढं झाली. “थांब भाऊ, आधी ही.” तिनं कनवटीची चावी काढली आणि काकीच्या हातात ठेवली. सोनेरी ठिपक्याची. कुलूप काही बदललेलं नव्हतं.

“अगो, गंठन मिलूदे तरी!”

“मिलो नायतर न मिलो. चावी तुझ्याकडंच ऱ्हाईल.”

काकीनं मूठ मिटली. दोन दिवस कोरडे ठेवलेले तिचे डोळे तेव्हा भरले, आणि तिला त्याची लाज वाटली नाही. मग धनेशनं बाप्पाला अलगद उचललं, जगननं खालून हात घातला आणि चिंधीची पुरचुंडी ओढली. गंठण होतं. ‘मोरया’चा असा गजर झाला, की शेजारचे धावत आले.

“आई, राह्यला आली व्हतीस ना?” कुंडलिका नदीवर विसर्जन करून परतल्यावर धनेशनं विचारलं. ती केव्हाच पिशवी घेऊन जगनच्या टेम्पोत चढली होती.

गल्लीत जगनच्या फोनवरून सगळं आधीच पसरलं होतं. काकी येऊन पायरीवर टेकते न टेकते, तो बायका आल्या. प्रत्येकीच्या एका हातात नैवेद्य, दुसऱ्या हातात चावी आणि तोंडात नवा बहाणा. खिशात चावी टोचते, पाहुणे आलेच नाहीत. काकीनं एकीचाही बहाणा पुरा होऊ दिला नाही. वालाचं सूप मांडीवर ओढलं आणि एकेकीला विचारलं, “कोनाकडं आलीस गो?”

आणि एकेकीला उत्तर द्यावं लागलं, “तुझ्याकडंच, काकी.”