आत्याच्या नवसाचं तिसरं कडवं

रविवार, २८ जानेवारी २०२४. हाईम वाकरूळकरांनी पाकिटात एकशे ऐंशी डॉलर घातले आणि पाकीट परीक्षितच्या हाती दिलं. यहुद्यांकडे अठरा हा आयुष्याचा आकडा, म्हणून रक्कम अठराच्या पटीत. काम होतं त्याच दिवशी सिपोराआत्याच्या मलिद्याला, म्हणजे पोहे-फळं मांडून नवस फेडायच्या यहुदी विधीला, कीर्तन म्हणायचं.

आत्याचं कंबरेचं हाड मोडलं होतं. ऑपरेशनच्या आधी ती नवस बोलली, पायावर उभी राहिले तर एलियाहू नबीचा मलिदा करीन आणि माझ्या भावाचं मराठी कीर्तन म्हणवून घेईन. गूळ-खोबऱ्याचे पोहे आणि फळं कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोत कुठेही मिळतात. ते कीर्तन येणारा माणूस मात्र अख्ख्या अमेरिकेत एकच होता, तिचा भाचा हाईम.

अलिबागला वडिलांच्या मागे बसून हाईमने चारही कडवी गळ्यात उतरवली होती. "हाईमचा गळा माझ्याहून मोकळा आहे," असं वडील चारचौघांत सांगत. पुढे बी.कॉम. झालं, सांता क्लाराला हिशेबाची नोकरी लागली. इथल्या सिनेगॉगमध्ये पहिल्याच वर्षी एकदा प्रार्थनेत त्यांच्या तोंडून वडिलांची चाल निघाली, तशी पुढच्या रांगेतली दोन माणसं मागे वळून हसली. वाईट कोणीच काही बोललं नाही. तेव्हापासून हाईम नुसते ओठ हलवू लागले.

आत्याला त्यांनी सांगितलं की गळा गेला आता, आणि परीक्षितला ठरवलं. परीक्षित पुण्याचा, सॅक्रामेंटोत सॉफ्टवेअरमध्ये, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत गाणारा. यहुद्याचं घर त्याने कधी पाहिलं नव्हतं. आत्याकडच्या कीर्तनाच्या जुन्या कॅसेटवरून तो मन लावून शिकला. एक दिवस त्याचा फोन आला.

"काका, तिसऱ्या कडव्यात टेप नुसती खरखरतेय यार... सॉरी, काका. तुम्हाला येतं का?"

"नाही येत," हाईम म्हणाले. मग गाडीच्या काचा वर करून त्यांनी ते कडवं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून पाहिलं. गळ्याला काहीही झालेलं नव्हतं.

मलिद्याच्या आदल्या दिवशी सिनेगॉगच्या धर्मगुरू रब्बीबाईंच्या वर्गात विषय निघाला तो आपल्या जागी माणूस नेमण्याचा. पुष्कळशी धर्मकृत्यं आपल्या वतीने दुसरा करू शकतो, पण जी अंगाने करायची ती नाही. प्रार्थनेचा पट्टा दुसऱ्याच्या दंडाला बांधून आपलं कर्तव्य होत नाही. माणसाला जे एकट्यालाच देऊन पाठवलंय तेही यातलंच, असं म्हणून त्या पुढच्या मुद्द्याकडे वळल्या. त्यांना कीर्तनाचं काहीच ठाऊक नव्हतं. हाईमनी मात्र मान खाली घातली.

मलिद्याला सिनेगॉगची मंडळीही आली होती. परीक्षित गोड गायला. तिसरं कडवं आलं आणि त्याने नुसती चाल गुणगुणली. आत्याने हाईमकडे पाहिलं. कडव्याचा पहिला शब्द त्यांच्या जिभेवर आला होता. पुढे बसलेल्या सिनेगॉगवाल्यांच्या पाठमोऱ्या मानांकडे त्यांची नजर गेली, आणि ते ताटातलं केळं सरळ करत राहिले. परीक्षित चौथ्या कडव्यावर गेला.

नंतर आत्याने त्यांच्या हातावर मलिदा ठेवला.

"पोरगं छान गायलं हो. नवसाचं पुण्य त्याच्या खात्यात जमा झालं असेल. तू हिशेबनीस, तूच बघ बाबा."

पाहुणे गेले. हाईम भांडी विसळायला उभे राहिले. नळाच्या आवाजाखाली ते कडवं आपोआप सुरू झालं.

"पाणी बंद कर," मागून आत्या म्हणाली.

त्यांनी नळ बंद केला. भिंतीकडे तोंड करून ते कडवं म्हणाले. मधे आवाज चिरकला, तरी थांबले नाहीत. संपल्यावर त्यांनी हात पुसले.

"लोक गेल्यावर म्हणालास," आत्या एवढंच म्हणाली आणि वॉकर टेकत खोलीत गेली.

त्यानंतर परीक्षितचे दोन फोन येऊन गेले, तो तिसऱ्या कडव्याचं विचारेल म्हणून हाईमनी घेतले नाहीत. त्याच्या येण्याजाण्याच्या पेट्रोलचे कबूल केलेले बावीस डॉलर अजून द्यायचे आहेत.