वीतभर मुशी

लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्या वाडीवर आली, वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, आणि तिला दूधच उतरेना. पाच दिवसांचं बाळ रडून रडून घोगरं झालं. मी आपला शेळ्यांपाशी नुसता घुटमळत होतो. बाप माणूस करणार काय, कपाळ!

बायको म्हणाली, "मुशी आणा. मुशीच्या कालवणानं दूध उतरतं म्हणं."

आम्ही डोंगरातली माणसं, सुक्या बोंबलापलीकडं समुद्रातलं काही ओळखत नाही; मुशी म्हणजे शार्कच्या जातीचा मासा, एवढं नुसतं ऐकून. तरी कापूरहोळला एसटी बदलून भोरचा बाजार गाठला. घाट चढून आलेल्या मासळीवालीकडची मोठी मुशी संपली होती. पाटीच्या कडेला वीतभर लांबीच्या दोन पडल्या होत्या. मोठाले हिरवट डोळे, फितीसारखं शेपूट.

"ह्या पण मुश्याच, खोल पाण्यातल्या," ती म्हणाली. "कोळंबीच्या जाळ्यात चुकून येतात. ह्यांचं नाव आम्हालापण ठाऊक नाही."

मला वाटलं, मुशीची पिल्लं असणार. करडाचं मटण कसं कोवळं, तसंच हे. लई शहाणा मी! दोन्ही उचलल्या.

घरी बायकोनं एकीचं पोट चिरलं आणि हात मागं घेतला. आत दोन पिल्लं होती, डोळ्यांसकट पुरती झालेली.

"अहो, गाभण हाय ही!"

म्हणजे ती पिल्लू नव्हतीच, वाढच तेवढी तिची. आमच्यात काही झालं तरी गाभण शेळीला सुरी लावत नाहीत. "आन् हे बाळंतिणीच्या ताटात घालू व्हय?" ती माझ्यावर खेकसली. मला माझाच संताप आला.

तेवढ्यात आत बाळ रडलं. रडणं कसलं, नुसती घरघर. बायकोनं डोळे पुसले आणि चूल पेटवली. पिल्लं मी गोठ्यामागं पुरली, मेलेली करडं पुरतो तिथंच.

लेकीनं कालवण वरपलं. "आबा, झकास झालंय!" आम्ही दोघं खाली माना घालून बसलो.

दुसऱ्या दिवशी चार थेंब उतरले. मुशीनं की आणखी कशानं, देव जाणे. बायको माझ्याकडं न बघताच म्हणाली, "परत जावा."

गेलो. मोठी मुशी त्याही दिवशी नव्हती.

"मावशी, गाभण नसलेली तेवढी बघून द्या."

"कापल्याबिगर कसं कळणार, मामा?"

बाळाची घरघर कानातून जात नव्हती. मी पिशवी पुढं केली.